तळ्यात आम्ल कोणी ओतलं?

कॅनडात एक तळं आहे. त्याचं नाव दोनशे तेवीस.

हो, हेच नाव! ओंटारिओ प्रांताच्या वायव्य कोपऱ्यात, केनोरा गावाच्या आसपासच्या जंगलात इतकी तळी आहेत की सगळ्यांना नावं द्यायची म्हटली तर कोशातले शब्द संपतील. म्हणून माणसांनी सरळ नंबर देऊन टाकले. २२३ नंबरचं तळं तसं बेताचंच. सत्तावीस हेक्टरांचं. सगळ्यात खोल जागी पाणी चौदा मीटर. भोवती गर्द जंगल, खाली ग्रॅनाइटचा खडक आणि पाण्यात लेक ट्राउट नावाचे मोठे, चपळ, ऐटबाज मासे.

१९७६ साली काही माणसं बोटीतून या तळ्यात गेली आणि त्यांनी पाण्यात सल्फ्युरिक आम्ल ओतलं. पुढच्या वर्षी पुन्हा ओतलं. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. हा उद्योग कित्येक वर्षं चालू होता.

थांबा, पोलिसांना फोन नका करू! ती माणसं शास्त्रज्ञ होती. त्यांच्या म्होरक्याचं नाव डेव्हिड शिंडलर. त्या भागातली कित्येक तळी १९६८ सालीच प्रयोगांसाठी राखून ठेवलेली होती. आपण काचेच्या चंचुपात्रात प्रयोग करतो, यांना अख्खी तळीच मिळाली. मला तर अजून त्यांचा हेवा वाटतो.

पण चांगल्या तळ्यात आम्ल ओतायचं कशाला?

त्याचं असं झालं. स्वीडन, नॉर्वे, अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडा या सगळ्या ठिकाणी तळ्यांतले मासे नाहीसे होत होते. कुणी जाळं टाकून ओरबाडून नेले म्हणावं, तर तसंही नाही. १९६६ साली हॅरॉल्ड हार्वी या प्राध्यापकांनी ओंटारिओतल्याच लम्सडेन नावाच्या तळ्यात हजारो सामन मासे सोडले. पुढच्या वर्षी जाऊन पाहतात तर एकही सापडेना! मग हार्वी आणि त्यांचा विद्यार्थी रिचर्ड बीमिश यांनी आसपासची तळी एकेक करून तपासली. पाणी आम्लयुक्त झालेलं, आणि दर वर्षी आणखी आम्लयुक्त होत चाललेलं.

हे आम्ल आलं कुठून? वरून! दगडी कोळशात गंधक असतं, तांब्याच्या आणि निकेलच्या खनिजातही असतं. ते भट्टीत जाळलं की सल्फर डायऑक्साइड वायू धुराड्यातून वर जातो. वारा त्याला शेकडो किलोमीटर फिरवून आणतो. वाटेत ढगातल्या पाण्याशी त्याची गाठ पडते, त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि पाऊस किंवा बर्फ होऊन ते खाली उतरतं. धूर एका देशाचा आणि आंबट पाऊस दुसऱ्याच देशात. स्वीडनच्या स्वान्ते ओडेन या मृदाशास्त्रज्ञानं १९६७ साली ही गोष्ट वर्तमानपत्रात लिहून सगळ्या युरोपची झोप उडवली होती.

धुराड्यांचे मालक मात्र इतक्या सहज थोडेच ऐकणार! मासे आम्लामुळेच गेले याला पुरावा काय, असं ते विचारायचे. प्रश्न चोख होता, मला तो आवडतोसुद्धा. प्रयोगशाळेतल्या टाकीत मासा ठेवून, पाण्यात थेंबथेंब आम्ल घालून तो कधी मरतो ते बघता येतं. पण तळं म्हणजे टाकी नव्हे. तळ्यात कोण कुणाला खातं, कोण कुणाची पिल्लं पळवतं, कोण तळाच्या चिखलात गुपचूप काय करतं, हे टाकीत कसं दिसणार? तेव्हा शिंडलर यांनी ठरवलं, अख्खं तळंच तपासायचं. आधी दोन वर्षं काहीही न करता तळ्याची नुसती नोंद ठेवली आणि मग आम्ल ओतायला सुरुवात केली. एकदम नाही, हळूहळू.

आता थोडा आकड्यांचा खेळ. पाणी किती आम्लयुक्त आहे ते सामू सांगतो. शेतकऱ्यांकडे माती परीक्षणाचा कागद असतो ना, त्यावर हा शब्द हमखास सापडेल. इंग्रजीतला पीएच म्हणजेच आपला सामू. शुद्ध पाण्याचा सामू ७. आकडा खाली गेला की आम्ल वाढलं. गंमत अशी की एक पायरी उतरलं की आम्ल दसपट होतं, दोन पायऱ्या उतरलं की शंभरपट. अगदी स्वच्छ पावसाचा सामूही ७ नसतो बरं का. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, त्यामुळे तो ५.६ च्या आसपास असतो.

२२३ नंबरच्या तळ्याचा सामू सुरुवातीला होता ६.८. शास्त्रज्ञांनी तो वर्षागणिक उतरवत ५ वर आणला. म्हणजे आम्ल साठपटीहून जास्त वाढलं. ऐकायला भयंकर वाटतं, पण सामू ५ म्हणजे किती, तर साधारण बिनदुधाच्या कॉफीइतका. लिंबाचा रस त्याच्या हजारपट आम्लधर्मी असतो! त्या तळ्यात तुम्ही सूर मारला असता, चार हात पोहला असता, तरी तुमच्या कातडीला काही कळलं नसतं. पाणी दिसायला छान निळंशार.

मग तळ्यात झालं काय?

पहिली गायब झाली ती मायसिस. कोळंबीसारखी दिसणारी, बोटाच्या पेराएवढी, जवळजवळ पारदर्शक. दिवसा तळाशी बसायचं आणि रात्री वर यायचं, असा तिचा दिनक्रम. तळ्यात ती लाखोंनी होती. सामू जेमतेम ५.९ पर्यंत उतरला होता, म्हणजे स्वच्छ पावसापेक्षाही पाणी कमी आम्लयुक्त होतं, तेवढ्यात एका वर्षात तिची संख्या इतकी कोसळली की शोधूनही सापडेना. टाकीतल्या प्रयोगांवरून मासे ५ च्या आसपास अडचणीत येतील असा अंदाज होता. इकडे ५.९ लाच पहिला गडी बाद!

पाठोपाठ फॅटहेड मिनो. हा मासा बोटाएवढा. मोठे मिनो मेले नाहीत, पण त्यांना पिल्लं होईनात. मिनोचं आयुष्यच मुळी दोन-तीन वर्षांचं. पिल्लं नाहीत म्हटल्यावर वंश आटोपायला कितीसा वेळ लागणार? त्याच्या जागी पर्ल डेस नावाचा दुसरा छोटा मासा काही काळ वाढला. तळ्यानं जणू बदली खेळाडू उतरवला. पण आम्ल आणखी वाढलं तसा तोही घटला.

मग क्रेफिशची पाळी. क्रेफिश म्हणजे शेवंडाचा गोड्या पाण्यातला भाऊबंद. तो वाढताना जुनं कवच टाकतो आणि नवं कवच पाण्यातून कॅल्शियम घेऊन कडक करतो. तुम्ही अंड्याचं टरफल व्हिनेगरमध्ये टाकून बघा. बुडबुडे येतील आणि दुसऱ्या दिवशी टरफल मऊ पडलेलं दिसेल. मग तुम्ही म्हणाल, कळलं, क्रेफिशचं कवच असंच विरघळलं. नाही! तळ्याचं पाणी व्हिनेगरपेक्षा फारच सौम्य होतं. आम्लयुक्त पाण्यातून क्रेफिशला पुरेसं कॅल्शियम ओढून घेताच येईना, ही खरी अडचण. नवं कवच कडक व्हायला वेळ लागायचा, आणि मऊ अंगाचा क्रेफिश म्हणजे शत्रूला आयता घास. शिवाय त्यांच्या अंगावर परजीवी माजले. प्रयोग संपता संपता क्रेफिश संपलेच.

किनाऱ्यालगत हिरव्या शेवाळाचे गुंतवळ्यासारखे थर साचले. आणि राजेसाहेब, म्हणजे लेक ट्राउट? ते होते की! लेक ट्राउट वीस-वीस वर्षं जगतो. एखादा गळ टाकणारा तिथे आला असता, तर त्याला मोठा मासा मिळाला असता आणि तळं झकास आहे असं सांगत तो घरी गेला असता. पण ट्राउटनाही आता पिल्लं होत नव्हती. आणि ते वाळत चालले होते. त्यांचं खाणं कोण? मायसिस, मिनो आणि क्रेफिश. तिघांचाही पत्ता नाही. काही वर्षांच्या अंतरानं काढलेले या ट्राउटचे फोटो पुढे जगभर गाजले. पहिल्या फोटोत भरलेल्या अंगाचा मासा. दुसऱ्यात डोकं तेवढंच मोठं आणि मागे नुसता काटा उरल्यासारखं शरीर. आम्लानं ट्राउटला विष घातलं नव्हतं. आम्लानं त्याच्या ताटातलं जेवण पळवलं होतं, आणि उपाशी मासा हळूहळू मरत होता.

मला यात सगळ्यात धक्कादायक वाटतं ते वेगळंच. या सगळ्या काळात तळ्यात एकूण हिरवळ किती तयार होते आणि कुजण्याचं काम किती होतं, तेही शास्त्रज्ञ मोजत होते. ते आकडे जवळजवळ जैसे थे! म्हणजे कुणी फक्त तेवढंच मोजत बसलं असतं, तर त्याला पत्ताही लागला नसता. कोण उरलंय आणि कोण गेलंय, हे एकेकाला नावानिशी मोजावं लागतं.

तळं गप्प बसलं होतं असं मात्र समजू नका. तळाच्या काळ्या चिखलात, जिथे ऑक्सिजन नसतो, तिथे एका जातीचे जिवाणू राहतात. ऑक्सिजन नाही तर नाही, ते सल्फेटवर आपलं भागवतात. सल्फेट हा सल्फ्युरिक आम्लाचाच एक भाग. जिवाणू त्याचं सल्फाइड करतात, आणि या खटपटीत आम्ल मारलं जातं. शास्त्रज्ञ वरून आम्ल ओतत होते आणि खाली डोळ्यांना न दिसणारी फौज ते निकामी करत होती. ओतलेल्या आम्लापैकी निम्म्याहून जास्त आम्लाचा निकाल तळ्यानं स्वतःच लावला! ही गोष्ट आधी कुणाच्या ध्यानीमनी नव्हती.

नंतर शास्त्रज्ञांनी आम्ल कमी कमी करत नेलं. सामू वर चढू लागला, तशी माशांची पिल्लं पुन्हा दिसायला लागली. ट्राउटचं अंगही भरू लागलं. हा निकाल फार मोलाचा होता. धूर कमी केला तर तळी सुधारू शकतात, हे आता नुसतं बोलणं राहिलं नाही.

तुमच्या मनात एक शंका आली असेल. आपल्याकडेही कोळसा जळतो, कारखाने धूर सोडतात. मग आपली तळी अशी का झाली नाहीत? एक कारण धूळ! आपण उन्हाळ्यात जिच्या नावानं बोटं मोडतो ती. आपल्याकडच्या धुळीत कॅल्शियमचे क्षार भरपूर असतात, ते हवेतच बरंचसं आम्ल मारतात. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ पावसाचं पाणी गोळा करून हे तपासत आले आहेत. शिवाय खडक. चुनखडी असलेल्या जमिनीवर आंबट पाऊस पडला तर जमीनच त्याचा बंदोबस्त करते. ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झाइट यांच्याकडे मात्र तसं औषध नसतं. स्वीडन, नॉर्वे, कॅनडा यांच्या वाट्याला नेमके तेच खडक आले. त्यात तिथल्या मातीतलं अॅल्युमिनियम आम्लामुळे सुटून ओढ्यांत उतरतं आणि माशांच्या कल्ल्यांवर बसतं. मग माशाला धड श्वास घेता येत नाही. वसंतात बर्फ वितळलं की हिवाळाभर साठलेलं आम्ल एकदम ओढ्यात येतं. नॉर्वेतल्या टोवडाल नदीत १९७५ साली असंच झालं आणि ट्राउट मासे मरून पाण्यावर आले.

२२३ नंबरच्या तळ्यात आम्ल काही वर्षंच पडलं. पण जिथे कित्येक दशकं पडलं तिथे काय? चला सडबरीला.

सडबरी हे ओंटारिओतलंच निकेलचं शहर. तिथे सुरुवातीला खनिज उघड्यावर, लाकडाच्या ढिगावर रचून महिनोन्महिने भाजत. १९६० च्या दशकात तिथून वर्षाला वीस लाख टनांहून जास्त सल्फर डायऑक्साइड हवेत जात होता. टेकड्यांवरची झाडं गेली, माती वाहून गेली, खडक काळे पडले. शहरात श्वास घेणं कठीण झालं, तेव्हा १९७२ मध्ये निकेलच्या कंपनीनं ३८१ मीटर उंचीचं धुराडं सुरू केलं. म्हणजे एकावर एक पाच कुतुबमिनार! शहरातली हवा सुधारली खरी, पण जे आम्ल गावात पडायचं ते आता लांब जाऊन पडू लागलं. शेजाऱ्याच्या अंगणात कचरा लोटायची ही रीत काही मला पटत नाही. सडबरीच्या भट्ट्यांनी मिळून सुमारे सात हजार तळ्यांचं पाणी बिघडवलं होतं.

त्यातली किलार्नीची तळी अतिशय देखणी. पांढऱ्या क्वार्ट्झाइटच्या टेकड्या आणि मधे आकाशाहून निळं पाणी. त्यातल्या एकाचं नाव होतं ट्राउट लेक. तिथली झाडं तोडली जाऊ नयेत म्हणून १९३० च्या दशकात चित्रकार भांडले आणि जिंकले. त्या आनंदात तळ्याला चित्रकारांच्या संस्थेचं नाव दिलं गेलं. झाडं वाचली, पण पुढे आम्लानं ट्राउट मात्र गेले. आणि ते निळं, काचेसारखं पाणी? ती आजाराची खूण होती! जंगलातून येणारा चहाच्या रंगाचा पालापाचोळ्याचा अर्क आम्लयुक्त पाण्यात टिकत नाही. पाणी बरं होऊ लागलं तसं ते थोडं तपकिरी, थोडं धूसर झालं. फोटो काढणारे हिरमुसले असतील, मासे नाही.

लोकांनी आरडाओरडा केला, सरकारांनी कायदे केले. १९९१ मध्ये कॅनडा आणि अमेरिका यांनी एकमेकांच्या हवेबद्दल करार केला. सडबरीच्या भट्ट्यांचा गंधकाचा धूर नव्वद टक्क्यांहून जास्त कमी झाला. १९७८ पासून विद्यार्थी आणि कामगार चुन्याच्या पिशव्या पाठीवर घेऊन टेकड्यांवर चढले, हातानं चुना पसरला, मग गवत आणि झाडं लावली. आजवर एक कोटीहून जास्त झाडं लावून झाली आहेत. तिथलं क्लिअरवॉटर नावाचं तळं १९७० च्या दशकात सामू ४.३ पर्यंत उतरलं होतं. त्यात कुणी चुना टाकला नाही. नुसता धूर कमी झाला आणि सामू ६ च्या वर गेला. ते पाच कुतुबमिनारांएवढं धुराडं? २०२० मध्ये ते बंदच केलं. आता त्याची गरजच उरली नाही.

पाणी सुधारलं की सगळे प्राणी लगेच परत येत असतील, नाही? नाही येत. टिंबाएवढा डॅफ्निया नावाचा जीव घ्या. त्याची अंडी चिखलात कित्येक दशकं झोपून राहू शकतात आणि दिवस बरे आले की त्यातून पिल्लं बाहेर येतात. हा चमत्कार खराच आहे. पण वर येऊन बघतो तर काय, आम्ल सोसणाऱ्या दुसऱ्याच मंडळींनी सगळं तळं व्यापलेलं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं! आता आधी बसलेल्याला उठवणार कोण? म्हणून पाण्याचा सामू दहा-वीस वर्षांत सुधारतो, पण जुनं गोकुळ भरायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. कधी कधी ते जसंच्या तसं भरतच नाही.

आणि आता जेलीची गोष्ट. ओंटारिओतल्या काही तळ्यांत पाण्याची बादली भरली तर हाताला बुळबुळीत गोळे लागतात. होलोपेडियम नावाचा बारीकसा जीव आपल्याभोवती जेलीचा अंगरखा घालून फिरतो, त्याचे हे गोळे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या वीस वर्षांत तिथल्या कित्येक तळ्यांत त्यांची संख्या साधारण दुप्पट झाली. पाणी उपसणाऱ्या नळांच्या जाळ्या त्यांच्यामुळे तुंबू शकतात.

हे कसं झालं, ओळखा पाहू! आंबट पावसानं इतकी वर्षं मातीतलं कॅल्शियम धुऊन नेलं. आता पाऊस स्वच्छ झाला, पण मातीतली शिल्लक संपत आलेली. खडक झिजून नवं कॅल्शियम तयार व्हायला फार वेळ लागतो, आणि झाडं तोडून नेली की त्यांच्यातलं कॅल्शियमही जातं. डॅफ्नियाला कवचासाठी कॅल्शियम भरपूर लागतं. होलोपेडियमला जेलीवर भागवता येतं, त्याला कॅल्शियम फार थोडं पुरतं. शिवाय जेलीमुळे पाण्यातल्या किड्यांच्या अळ्यांना तो सहज गिळता येत नाही. मग कोण जिंकणार?

यावर उपाय आहेत का? एक करून पाहिला आहे. १९९९ साली अमेरिकेतल्या हबर्ड ब्रूक या जंगलात शास्त्रज्ञांनी हेलिकॉप्टरमधून एका ओढ्याच्या सगळ्या पाणलोटात कॅल्शियम असलेल्या खनिजाच्या गोळ्या टाकल्या. झाडांची तब्येत सुधारली. पण प्रत्येक जंगलावर हेलिकॉप्टर कसं पाठवायचं?

ओंटारिओच्या मस्कोका भागातल्या लोकांनी स्वस्तातली युक्ती काढली आहे. तिथे हिवाळ्यात घरोघरी शेगडीत लाकडं जळतात, आणि लाकडाच्या राखेत कॅल्शियम भरपूर असतं. आपल्या आज्या-पणज्या जिच्यानं भांडी घासायच्या तीच राख! मस्कोकाची माणसं ती डब्यात जपून ठेवतात आणि ठरलेल्या दिवशी जमा करायला नेतात. मग ती मेपलच्या जंगलात पसरली जाते. मेपलला कॅल्शियम मिळतं, उरलेलं झिरपत ओढ्यात आणि तिथून तळ्यात जाईल अशी आशा. राख देणाऱ्यांना दोनच अटी. राख पूर्ण थंड झालेली हवी, आणि ती नुसत्या लाकडाचीच हवी. रंग दिलेल्या फळ्या जाळून झालेली राख घेत नाहीत.